पोळ्याच्या दिवशीची वाळू

"काका, नववीच्या पोरांना खाण दाखवायची आहे," देरकर मॅडम फाटकातूनच म्हणाल्या. "खाण तर बंद पडली. म्हणून तुम्हालाच न्यायला आले."

ऋषीजी उरकुडे अंगणातल्या खाटेवर बसले होते. बायको इंदू वारली त्याला पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत बसण्याखेरीज त्यांनी फारसं काही केलं नव्हतं. मुलगी नागपूरहून रोज फोन करायची, जेवलात का विचारायची, आणि ते हो म्हणायचे. 

"मी काय शिकवू बाप्पा? मी मॅट्रिक नापास माणूस."

"शिकवायचं मी बघते. पुस्तकात 'खाणकामाचा पर्यावरणावरील परिणाम' म्हणून अडीच पानांचा धडा आहे. पोरं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्या परिणामावरूनच रोज चालत शाळेत येतात, हे त्यांच्या गावी नसतं. तुम्ही एकतीस वर्षं खाली काढलीत. चला ना."

ऋषीजी गेले. खरं सांगायचं तर कुठेतरी जायला मिळालं म्हणून गेले.

वर्गात एकेचाळीस मुलं होती. ऋषीजींनी खडू घेतला आणि फळ्यावर चौकोनांची जाळी काढली. "हे खालचं गाव," ते म्हणाले. "हे रस्ते दिसतात ना, याले आम्ही गॅलरी म्हणतो. इथला कोळसा काढून घेतला. आन् हे चौकोन म्हणजे कोळशाचे खांब. हे ठेवावे लागतात, नाहीतर वरचं छत डोक्यावर येते. मंग शेवटी शेवटी हे खांबही काढतो. पण त्याच्यासोबत तिथं वाळू भरावी लागते. बांबूच्या तट्ट्यांचा बांध घालायचा, त्याले गोणपाट लावायचं, वरून पाइपानं वाळू आन् पाणी सोडायचं. पाणी गोणपाटातून झिरपून जाते, वाळू मागं राहते."

"वाळू कुठली, आबाजी?" तन्मय मिलमिले नावाच्या मुलानं विचारलं. पहिल्याच तासाला आबाजी म्हणायची कुणाची परवानगी त्यानं घेतली नव्हती.

"वर्धा नदीची."

"आन् पाणी?"

"पाणी खालचंच. आपल्या विहिरीतलं पाणी झिरपत खाली यायचं. ते उपसून काढलं, म्हणून वरच्या विहिरी आटल्या."

तन्मयनं हिशेब केला. "म्हणजे नदीतली वाळू गेली, विहिरीतलं पाणी गेलं, जमिनीतला कोळसा गेला. मंग राहिलं काय?"

"माझा पगार," ऋषीजी म्हणाले.

वर्ग खो खो हसला. ऋषीजीही हसले, आणि पाच महिन्यांत आपण हसलो नव्हतो हे त्यांना हसल्यावर कळलं. मग ते म्हणाले, "हसा. पण त्या पगारावर माझी पोरगी शिकली. त्या कोळशावर पन्नास वर्षं साऱ्यांच्या घरी दिवे लागले. आणि माझ्या बायकोनं तीस वर्षं टँकरचं पाणी भरलं, ते बी त्याच कोळशापायी. हे सारं सोबतच लिहा. एक लिहून दुसरं सोडू नका."

देरकर मॅडमनी ते वाक्य स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

तेव्हापासून दर गुरुवारी ते शाळेत जाऊ लागले. इंदूही याच शाळेत अठरा वर्षं खिचडी शिजवायला होती. शेवटचं पोर जेवल्याशिवाय ती स्वतःचं ताट घ्यायची नाही. तिच्या तेराव्याला ऋषीजींनी शाळेला शब्द दिला होता आणि त्याप्रमाणे मैदानाच्या कडेला पक्का रंगमंच बांधून झाला होता. कपाळपट्टीवर नाव होतं: इंदुमती ऋषी उरकुडे रंगमंच. येत्या स्नेहसंमेलनाला त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. ऋषीजी गुरुवारी शाळेत शिरताना ते नाव एकदा वाचत, जाताना एकदा वाचत.

त्याच सुमारास शाळेत दांड्या आल्या.

दांडी हे मुलांनी ठेवलेलं नाव. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची ती नळी होती. दहा वर्षांपूर्वी असलं यंत्र फक्त मोठ्या प्रयोगशाळांत असायचं. आता ते स्वस्त झालं होतं आणि जिल्ह्यातल्या खाणपट्ट्यातल्या शाळांना वाटलं जात होतं. मॅडमनी ते वर्गात समजावलं तेव्हा ऋषीजी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते.

"तळहात असा पसरा," मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी पसरला. "आता दर सेकंदाला एक-दोन कण तुमच्या हातातून आरपार जात आहेत. दूरच्या ताऱ्यांचे स्फोट होतात, तिथून निघालेले कण आपल्या हवेवर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाचे हे कण तयार होऊन खाली बरसतात. ते आपल्याला लागत नाहीत, दिसत नाहीत. ते दगडातूनही जातात. पण दगड जितका जाड, तितके वाटेत अडकतात. अडीचशे फूट खाली शंभरातला एखादाच पोचतो. आता समजा आपण खाली बसून वर बघतोय. एका दिशेनं जास्त कण आले, तर त्या दिशेला काय असेल?"

"दगड कमी," समीक्षा टेकाम म्हणाली. ती पहिल्या बाकावरची, कमी बोलणारी मुलगी.

"म्हणजे?"

"पोकळी."

"झालं. डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतात तसा हा जमिनीचा. फक्त एक्स-रेला क्षण लागतो, इथं महिने लागतात, कारण कण मोजत बसावं लागतं. आणि दांडी पोकळीच्या खाली जायला हवी. आता अडीचशे फूट खोल भोक आपल्याला कोण पाडून देणार?"

"आहे ना मॅडम," तन्मय म्हणाला. "शाळेची बोअर. थेंब नाही तिच्यात."

बोअर आटली होती, कारण शेजारच्या उघड्या खाणीचे पंप अजून चालू होते. शाळेची एक आणि ग्रामपंचायतीची एक अशा दोन कोरड्या बोअरमध्ये दोन दांड्या सोडल्या. मुलं रोज आकडे उतरवून घेऊ लागली. नऊ आठवडे गेले.

चित्र उमटलं त्या गुरुवारी वर्गात दाटी झाली होती. मॅडमनी पडद्यावर आधी खाणीचा जुना नकाशा लावला आणि त्यावर मुलांचं चित्र ठेवलं. भरीव जागा करड्या, पोकळ जागा उजळ. जुन्या गॅलऱ्या उजळ पट्ट्यांसारख्या दिसत होत्या आणि नकाशावर तंतोतंत बसत होत्या. मुलांनी बाकं बडवली.  ज्या रस्त्यांवरून ऋषीजी आयुष्यभर दिव्याच्या उजेडात चालले, ते कुणीतरी पहिल्यांदा बाहेरून पाहिले होते.

"मॅडम, हे काय?" समीक्षानं बोट ठेवलं. "नकाशात इथं वाळू भरली लिहिलं आहे. चित्रात उजेड आहे."

मॅडमनी चित्र मोठं केलं. उजळ डाग चांगला लांबरुंद होता. त्याच्या एका टोकाला करड्या रंगाची छोटी पाचर दिसत होती, बाकी सगळं मोकळं. मॅडमनी वरच्या शाळेची आखणी त्यावर ठेवली. डागाच्या बरोबर वर मैदान होतं. मैदानाच्या कडेला रंगमंच.

"यंत्र चुकलं असंल," ऋषीजी मागून म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"बाकीचं सारं बरोबर आलं, आबाजी," समीक्षा म्हणाली. ती भांडत नव्हती. नुसतं सांगत होती.

ऋषीजी घरी आले आणि खाटेवर बसले. यंत्र चुकलं नव्हतं. शाळेच्या फाटकापर्यंत पोचेतोच त्यांना सगळं आठवलं होतं.

तो पोळ्याचा दिवस होता. खालच्या पाळीतली सगळी माणसं शेतकऱ्यांच्या घरची. कुणाचे बैल, कुणाच्या भावाचे. पाळी संपायच्या आत कुणालाही वर सोडता येत नव्हतं, आणि वाळू भराई सुरू झाली की पाळीनंतरही थांबावं लागायचं. पाइप अगदी आतल्या टोकापर्यंत नेऊन तिथून भरत भरत मागं यायचं, असा नियम. त्या दिवशी पाइप आत न्यायला अर्धी पाळी गेली असती. "साहेब, तोंडाशीच ठेवू का?" असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते महत्त्वाचं नाही, कारण ओव्हरमन ऋषीजी होते. त्या भागातली माणसं आणि काम त्यांच्या जबाबदारीवर. त्यांनी मान हलवली.

वाळू बांधाच्या तोंडाशीच साचली. दुपारी दोनला तट्ट्यांच्या वरच्या फटीतून नितळ पाणी आलं. नितळ पाणी म्हणजे मागं जागा भरली, असं सगळे मानायचे. ऋषीजींनी तट्ट्यावर खडूनं लिहिलं, 'भरले', आणि वर येऊन सही केली. तीन पाळ्यांचं काम एकाच पाळीत झालं, तेव्हा छत खाली आलं असेल, जागा कमी असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

आणि साडेचारला ते घरी होते. पोळ्याचं तोरण तुटून बैल घरोघरी सुटायच्या आत. इंदू चुलीपुढून उठून आली, हात पिठाचे, आणि म्हणाली, "अगं बाई, आज सूर्य कुठं उगवला!" पोरीला खांद्यावर घेऊन तिघं बैल बघायला गेले. लग्नानंतर अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सोबत पोळा पाहिला. इंदू पुढं कितीदा तरी त्या संध्याकाळची आठवण काढायची. ती गेल्यावर ऋषीजी ज्या दोन-चार आठवणींवर दिवस काढत होते, त्यातली ती एक होती.

दुसऱ्या दिवशी ते पोचन्नाकडे गेले. पोचन्ना त्या पाळीत पाइप बसवणारा होता. आता दात पडले होते, तोंड मात्र तेवढंच चालायचं.

"तू येडा झाला काय बे?" पोचन्ना म्हणाला. "इतकी वर्षं झाली. पडली का जमीन? नाही पडली. आता कायले उकरतो?"

"संमेलनाले सहाशे माणूस त्या मैदानात बसते, पोचन्ना. मांडव. जनरेटरची गाडी."

"खाणीच्या ऑफिसचा साहेब येणार आहे सोमवारी, पोरायचं चित्र पाहाले. त्याच्या नकाशात वाळू भरली लिहिलं आहे, तो तेच सांगंल. तू चूप राय. वहिनीचं नाव लागलं आहे त्या स्टेजवर. तूच बोलला तर काय होईल? तार ठोकतीन भोवताल. कुत्रंबी चढणार नाही त्याच्यावर." मग तो हळू म्हणाला, "आन् लोक काय म्हणतीन तुले?"

ऋषीजी उठले. परत येताना ते शाळेच्या भिंतीशी थांबले. सहावीची मुलं मैदानात कवायत करत होती. एक-दोन, एक-दोन, सगळ्यांचे पाय एकदम आपटत होते. खाली काम करताना छत कोसळण्याआधी बोलतं. आधी बारीक, मग कडकड. तो आवाज ओळखला म्हणूनच ऋषीजी एकतीस वर्षं जिवंत वर आले. पण छत खालच्यांशी बोलतं. वर कवायत करणाऱ्यांना त्यातलं काही ऐकू येणार नव्हतं.

सोमवारी बंद खाणींचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयातून एक तरुण इंजिनिअर आले. माणूस सभ्य होता. त्यांनी मुलांचं कौतुक केलं, चित्र बारकाईनं पाहिलं आणि मग नकाशा उघडला.

"खूप छान प्रकल्प आहे. पण बघा, ही शाळेची साधनं आहेत. यात चुका येतात. आमच्या नोंदीप्रमाणे ही जागा पूर्ण भरलेली आहे. जागेवरच्या अधिकाऱ्यानं पाहून सही केली आहे." ते मुख्याध्यापकांकडे वळले. "संमेलन घ्यायला हरकत नाही."

समीक्षा खाली बघू लागली. नऊ आठवड्यांचे आकडे तिच्या मांडीवरच्या वहीत होते.

शेवटच्या बाकावरून ऋषीजी उठले. गुडघे दुखत होते म्हणून बाकाला धरून उठले.

"ती सही माझी आहे, साहेब," ते म्हणाले. "आन् ती खोटी आहे."

 ऋषीजींनी सगळं सांगितलं. पोळा सांगितला, पाइप सांगितला, नितळ पाणी सांगितलं. घरी लवकर जायचं होतं हेही सांगितलं. पोचन्नाचं नाव घेतलं नाही. बोलताना त्यांनी मुलांकडे पाहिलं नाही, समोरच्या भिंतीकडे पाहिलं. दर गुरुवारी या मुलांनी त्यांना आबाजी म्हणून मान दिला होता. आता तो गेला असं धरूनच ते बोलले.

त्यांचं बोलून झालं. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"आबाजी, पाइप बांधाच्या आत किती होता?"

"काय?"

"किती फूट आत होता?" समीक्षानं वही उघडली होती.

"असंल पंधरा फूट."

"मंग वाळू तितकीच पलीकडंही पसरून ढीग तीस फुटापर्यंत गेला असंल." ती उठून पडद्यापाशी गेली आणि त्या करड्या पाचरीवर पट्टी ठेवली. "मॅडम, ही पाचर आपल्याला समजत नव्हती ना? ही अठ्ठावीस फूट आहे. ही आबाजींची वाळू आहे." ती वळली. तिचा चेहरा उजळला होता. "आपलं चित्र बरोबर आहे!"

आणि वर्गानं पुन्हा बाकं बडवली. तन्मय तर ओरडलाच, "आबाजी, तुमची चूक एकदम फिट बसली!"

"तन्मय!" मॅडम म्हणाल्या.

पण ऋषीजी पुन्हा बाकावर बसले होते आणि डोळे पुसत हसत होते. इतकी वर्षं अंगात रुतून बसलेली ती गोष्ट या पोरांनी उचलली होती, मोजली होती आणि वहीत तिच्या जागी लिहून टाकली होती. कुणी त्यांना माफ केलं नव्हतं, कुणी दूषणही दिलं नव्हतं. त्यांच्या सांगण्याचा उपयोग झाला होता. त्यांना एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

इंजिनिअरनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "काका, हे तुम्ही लेखी द्याल?"

"लिहा तुम्ही. माझं अक्षर चांगलं नाही."

त्याच आठवड्यात मैदानाच्या कडेला ड्रिलची गाडी लागली. मुलांना दूर, रस्त्यापलीकडे उभं केलं होतं. एकशे वीस फुटांपर्यंत ड्रिल कुरकुरत गेली. एकशे सव्वीसला ती एकदम सैल झाली आणि दहा फूट काहीही न कापता खाली गेली. ऑपरेटरनं हात वर केला.  मुख्याध्यापकांनी नुसते हात जोडले, कुणाला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मैदानाभोवती तार लागली, शाळेची इमारत रिकामी झाली. पोचन्ना म्हणाला होता तसंच झालं. इंदूचा रंगमंच तारेच्या आत राहिला, त्यावर कुणी नाचलं नाही, गायलं नाही. नदीतून वाळू काढायला आता बंदी होती, म्हणून वीज केंद्राच्या राखेचा चिखल करून पोकळी भरायचं ठरलं. राखेचे डोंगर पडूनच होते. या खेपेला पाइप आतल्या टोकापर्यंत न्यायचा, आणि दांड्या 'भरली' म्हणेपर्यंत कुणी 'भरली' म्हणायचं नाही, असं कागदावर आलं. पाच-सहा महिने लागणार होते.

गावात बोलणारे बोललेच. "उरकुड्यानं पोरायची शाळा बंद केली," असं चहाच्या टपरीवर ऋषीजींच्या देखत एकानं म्हटलं. पोचन्नाच त्याच्यावर धावून गेला. "शाळा खाली गेली असती तर बरं झालं असतं काय बे? आन् पाइप म्या बसवला होता, मले बोल!" ऋषीजींनी त्याला हाताला धरून बाहेर आणलं. दोघं सोबतच घरी गेले.

नुसती ती रात्र नव्हे, पुढं कित्येक दिवस ऋषीजी त्या पोळ्याच्या संध्याकाळचा विचार करत राहिले. ती आठवण आता खराब झाली का, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. नव्हती झाली. लाज होती, आणि तरी तिघांनी मिळून बैल पाहिले होते हेही खरं होतं. सारं सोबतच लिहायचं, एक लिहून दुसरं सोडायचं नाही, असं त्यांनीच तर मुलांना सांगितलं होतं. ती संध्याकाळ मिळाली याबद्दल त्यांना देवाचे आभार मानावेसे वाटले. आणि ती कुणाच्या जिवावर बेतली नाही, याबद्दल त्याहून जास्त.

शाळा कुठं भरवायची हा प्रश्न पडला तेव्हा ऋषीजी आपणहून मॅडमकडे गेले. "नववी माझ्याकडे बसवा. अंगण मोठं आहे. घरात मी एकटाच."

"एकेचाळीस पोरं आहेत, काका. तुम्हाला झोपू देणार नाहीत दुपारी."

"पाच महिने झोपूनच होतो बाप्पा."

सोमवारी सकाळी मुलं आली. फाटकाबाहेर चपलांचा ढीग झाला. कुणी फळा भिंतीला टेकवला, कुणी दोरीवरचा टॉवेल काढून फळा पुसायला घेतला, आणि ऋषीजी काही बोलायच्या आत मॅडमनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. साडेअकराला खिचडीचं पातेलं आलं. वाढायला डाव सापडेना. समीक्षानं न विचारता स्वयंपाकघरात जाऊन मोठा पळा शोधून आणला. इंदू गेल्यापासून त्या घरात त्या पळ्यानं कुणाला काही वाढलं नव्हतं. ऋषीजींनी तो तिच्या हातून घेतला आणि स्वतः वाढायला लागले. पहिल्या चार-पाच ताटांत फार वाढलं, मग अंदाज आला.

जेवण झाल्यावर तन्मय ताट विसळून त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला.

"आबाजी, उद्या पण इथंच ना?"

"इथंच."

"किती दिवस?"

"खालची जागा भरत नाही तवर."

तन्मयनं अंगणाकडे, सावलीकडे, खाटेवर आडव्या पडलेल्या दोस्तांकडे एकदा पाहिलं. मग गुपचूप सांगावं तसं तो म्हणाला, "मंग त्यायले सांगा ना, हळूहळू भरा म्हणून."

"सांगितलं आहे," ऋषीजी म्हणाले.